भिंगारचा अळणी पाहुणचार

कोपरगावचा माणूस नगरला जाऊन आला, यात लिहिण्यासारखं काय, असं आमच्या वस्तीवरचे लोक म्हणाले. जिल्ह्याचं गाव आहे, लोक कोर्टाच्या तारखेला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतात. पण मी बायकोला घेऊन गेलो होतो, एका औषधासाठी. ते औषध घेतल्यावर माणसाला खोलीत एकटं ठेवतात हे कळल्यापासून गावात नाही नाही ते बोललं जात होतं. कुणी म्हणे केस जातात, कुणी म्हणे अंग आतून भाजतं, कुणी म्हणे त्या बाईच्या हातचं पुन्हा खाऊ नये. त्या सगळ्यांनी हे वाचावं. शिवाय भिंगारला माझी जी गत झाली ती दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कानावर येण्यापेक्षा माझ्याकडूनच आलेली बरी.

निघण्याआधी

मी गाईंचा व्यापारी. सुरुवात केली तेव्हा एक गाय घेऊन तिच्या शेपटीमागून बाजारापर्यंत चालत जायचो. आज दारात पिकअप आहे, आणि कोपरगाव-राहात्याकडच्या पुष्कळ गोठ्यांत माझ्या हातून गेलेल्या गाई उभ्या आहेत. यात मला कुणी हात दिलेला नाही. भाव पाडण्यात माझी बरोबरी करणारा माणूस अवघड, आणि रागावण्यातही. दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून लपवत नाही.

शकुंतलेच्या गळ्यात गाठ निघाली ती थायरॉईडची. ऑपरेशनमध्ये ती ग्रंथीच काढून टाकली. गळ्यावर आडवा व्रण राहिला, बारीक सरीसारखा. आम्हाला वाटलं सुटलो. मग नगरच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ग्रंथीचा थोडा अंश मागे राहिलाय, आणि गळ्यातल्या बारक्या गाठींत रोगाचे कण गेलेत. ते सुरीनं निघणारे नाहीत.

"मग केमो?" मी विचारलं. माझ्या चुलत्याचं केमो मी पाहिलं होतं. त्याच्या रोगावर ते औषध चाललं, नाही असं नाही. पण जाताना सगळ्या अंगाला झोडपत गेलं. केस गेले, तोंड सोललं, बोटांतलं बळ गेलं. रोग कमी झाला, पण चुलताही कमी झाला.

"हिला ते नको," बाई म्हणाल्या. "थायरॉईडच्या पेशींना आयोडीन लागतं. अंगातलं आयोडीन मुख्यतः त्याच ओढून घेतात. आपण किरणं सोडणारं आयोडीन द्यायचं. त्या पेशी अंगात कुठंही लपून बसल्या तरी ते स्वतःहून पितात आणि जागच्या जागी मरतात. उरलेलं लघवीवाटे निघून जातं."

"बाकीच्या अंगाला धक्का न्हाई?"

"थोडा लागतो. थुंकीच्या ग्रंथीही थोडं ओढतात. तोंड कोरडं पडेल, जबडा सुजेल, एखादा दिवस मळमळेल. त्यासाठी आंबट चघळायचं आणि भरपूर पाणी प्यायचं."

गाईची खोड स्वतःहून सांगणारा माणूस मला आवडतो. तरी सवय जात नाही. "मग थोडं कमी द्या," मी म्हणालो, "म्हंजी थुंकी वाचंल."

"कमी दिलं तर रोग राहील, काका. जास्त दिलं तर तोंड जाईल. लागतं तेवढंच द्यायचं."

पुढं त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात लगेच बसलं. औषध द्यायच्या आधी त्या पेशींना उपाशी ठेवायचं. साधं आयोडीन अंगात जाऊच द्यायचं नाही, म्हणजे औषधाचं आयोडीन आलं की त्या तुटून पडतील. बाजारात आम्ही दुसरं काय करतो? गरजू गिऱ्हाईक थोडं ताटकळत ठेवायचं, मग गाय पुढं आणायची.

उपाशी ठेवायचं म्हणजे रोजची थायरॉईडची गोळी बंद, दूध-दही बंद, अंडी-मासे बंद, बेकरीचं बंद, आणि दुकानातलं मीठ बंद, कारण त्यात आयोडीन घातलेलं असतं. गोळी बंद झाल्यावर शकुंतला मंदावत गेली. कोपरगावच्या मार्चमध्ये स्वेटर घालून बसायची, आवाज जड झाला, चेहरा सुजला, आणि कशालाच चव लागेना. आयोडीन नसलेलं मीठ गावात कुठंच मिळेना. तेव्हा मला आठवलं, जनावरांसाठी आपण साधं खडे मीठ आणतो, त्यात कोण काय घालतंय! पुडी बांधून दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, हे चालेल. घरी येताना मी रुबाबात होतो. शकुंतला म्हणाली, "एवढी वर्षं गाईंचं खाऊन झालं, आता गाईंसारखं खायचं."

एकच अडचण होती. औषधाच्या आदल्या रात्री नगरात राहायला हवं होतं, आणि बिनदुधाचं, असल्या मिठाचं जेवण लॉजवर कोण करून देणार? शकुंतलेचं माहेर भिंगारचं. तिचे थोरले भाऊ अरुणदादा लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन नोकरी करून निवृत्त झालेत. त्यांच्या घरी मी बरीच वर्षं गेलो नव्हतो. कारण सांगतो. त्यांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना फेटे बांधत होते. मी घरचा जावई, नवरीच्या सख्ख्या आत्याचा नवरा. माझ्यापर्यंत आले आणि फेटे संपले. माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. शेजारी त्यांच्या ऑफिसातला कारकून फेटा बांधून बसला होता. त्या मांडवातून मी न जेवता उठलो, आणि त्या घरचं काही मागायचं नाही असं ठरवून टाकलं.

"मी जाणार भिंगारला," शकुंतला म्हणाली. "तुम्ही बाहेर पिकअपमध्ये बसा पाहिजे तर."

घोडेगाव

नगर-मनमाड रस्त्याचं काम चालू होतं आणि खड्ड्यांतून तिला हाल नकोत, म्हणून श्रीरामपूर-नेवाशावरून वळसा घेतला. ऊस संपत जातो तसा मुलूख मोकळा होतो. नेवाशाच्या पुढं रानात कांद्याची काढणी चालली होती. बायका ओळीनं बसून पात कापत होत्या आणि वाऱ्यावर कांद्याचा वास थेट गाडीत येत होता. पिकअप मी दोनदा धुतली होती, तरी मागून शेणाचा वास होताच. दोन्हींचं मिळून जे झालं त्यात शकुंतला शांत झोपली.

घोडेगावला बाजार होता. बाजार असताना घोडेगाव टाळून जाणं मला जमत नाही. शिवाय खडे मिठाची पुडी घरी चुलीपाशीच राहिल्याचं तिथं ध्यानात आलं. ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथं खरा भाव तोंडानं होत नाही. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबली जातात, आणि आजूबाजूचे नुसते चेहरे वाचत उभे राहतात. मी आमच्या ओळखीच्या गफूरभाईंच्या पालावर गेलो. तिथं दावी, कासरे, वेसणी, घुंगरं, सगळं मिळतं.

"खडे मीठ द्या."

"संपलं की शेठ. सकाळीच एक जन पोतं घेऊन गेला. ही वीट न्या, चाटायची. मिठाचीच हाय."

तांबूस रंगाची वीट होती. अशा विटा मी गोठ्यांतून शेकड्यांनी टांगायला लावल्या आहेत. मी म्हणालो, "मिठाची म्हंजी मिठाचीच ना? मानसाला खायचीय."

गफूरभाई हसले. "मानसाला? लई भारी माल हाय शेठ. गाय टायमावर माजावर येती, वासराच्या गळ्याला गाठ येत न्हाई. तुमीच तर सांगता गिऱ्हाइकाला."

शकुंतला गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "मग मला आधीच चाटवायची होती की."

आम्ही तिघंही हसलो. मी एक कासरा घेतला, घासाघीस केली, आणि वीट वर फुकट काढली. गफूरभाई म्हणाले, "आजारी मानूस घेऊन चालला तरी सोडत न्हाई तुमी." मला ते बरं वाटलं.

पांढरीच्या पुलावर भेळेच्या दुकानांपुढं गाड्या उभ्या होत्या. शकुंतलेनं तिकडं पाहिलं आणि मान फिरवली. मीही खाल्ली नाही. इमामपूरच्या घाटात ती जागी झाली आणि म्हणाली, "तिथं गेल्यावर ओरडू नका." मी म्हणालो, "मी कशाला ओरडतो?"

भिंगार

नगरच्या गर्दीतून भिंगारात शिरलं की गाव एकदम शिस्तीत येतं. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, रस्ते झाडलेले, लांबून लष्कराच्या सरावाच्या रेंजवरच्या तोफांचा धप्प-धप्प आवाज, आणि त्याची कुणाला दखल नाही. आमच्याकडं फटाका वाजला तर माणसं बाहेर येतात. जुन्या बाजाराच्या मागं अरुणदादांचं घर आहे. ते फाटकातच उभे होते. "या दाजी," म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी शकुंतलेला हाताला धरून आत नेलं. तिचा सुजलेला चेहरा आणि अंगातलं स्वेटर पाहून त्यांनी पंखा बंद केला.

मंदावहिनी आतून कप घेऊन आल्या. दुधाचा चहा. माझं डोकं फिरलं.

"फोनवर सांगितलं हुतं ना दूध चालत न्हाई? सगळ्या दिवसांचं पथ्य एका कपात घालवता काय तुमी?"

वहिनी जागीच थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दाजी, हा तुमचा आहे. ताईंचा कोरा उकळतोय आत."

शकुंतलेनं डोळे मिटून घेतले. मी चहा घेतला नाही. ओरडल्यावर तो घेता येत नाही. पिशवीतून वीट काढून वहिनींच्या हाती दिली. "हे कुटून हिच्या जेवणात घाला. दुसरं मीठ नको." त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि आत नेली.

रात्रीचं जेवण खाली पंगतीला झालं. ज्वारीची भाकरी, भरीत, मुगाची आमटी, भात. मी पहिला घास घेतला. अळणी. आमटी ओरपली, तीही अळणी. मी मान वर केली. ताटात मीठ नाही, लोणचं नाही. दादा खाली मान घालून जेवत होते. मला वाटलं, बायकोचं वेगळं पातेलं, तिच्यात माझं मीठ. आणि मला मात्र हे असं. मांडवात टोपी, घरात अळणी. त्या घराला माझ्यासाठी फेटा पुरत नाही आणि मीठही पुरत नाही. पण मागायचं नाही हे ठरलेलं होतं. मी सगळं ताट संपवलं, जसं औषध गिळतात तसं, आणि हात धुताना शकुंतलेला म्हणालो, "तुझ्या माहेरचं जेवन बघितलंस?"

"मला कुठं चव लागतीय," ती म्हणाली. "पण किती दिवसांनी तुम्ही इथं जेवलात."

दवाखाना

सकाळी दादा आमच्याबरोबर आले. मी नको म्हणालो नाही; शकुंतलेला जिने चढताना दोन्हीकडून आधार लागत होता. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. त्या म्हणाल्या, "आजचं औषध आजच्यासाठीच आलंय. ते ठेवून ठेवता येत नाही, त्याचा जोर आपोआप ओसरत जातो. म्हणून एकदा नीट विचारते. पथ्य पाळलं?"

"पाळलं," शकुंतला म्हणाली.

दादा सहज बोलले, "डॉक्टर, पण मिठात आयोडीन घालतातच कशाला मुळात?"

"नाही मिळालं तर ही ग्रंथी सुजते. गळ्याला गाठ येते. लहान मुलांना, पोटातल्या बाळांनाही. जनावरांतसुद्धा होतं."

वासराच्या गळ्याला गाठ येत न्हाई. गफूरभाईंचं वाक्य. माझंच वाक्य, किती गोठ्यांत बोललेलं. ती वीट चाटल्यावर गाठ का येत नाही, हे मी आयुष्यात कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. औषध दिलं गेलं असतं, तिला खोलीत ठेवलं असतं, आणि पोट भरलेल्या त्या पेशींनी औषधाकडं पाहिलंही नसतं. एवढे दिवस ती गारठली, सुजली, मंदावली, ते सगळं पाण्यात. आणि दादा शेजारी बसलेले.

"बाई," मी म्हणालो, "काल हिच्या पोटात जनावराची चाटन वीट गेलीय."

मग मी सगळं सांगितलं; घोडेगाव, वीट, कुटून घालायला दिली ते. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"असल्या विटेत आयोडीन घातलेलं असतं, काका. किती, ते मला सांगता येणार नाही. एका जेवणानं सगळं बिघडेल असं नाही, पण खात्री नसताना मी आज देणार नाही. पुन्हा पथ्य, पुन्हा तारीख."

शकुंतला नुसती म्हणाली, "पुन्हा?" तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

"जेवण खारट लागलं होतं का?" बाईंनी तिला विचारलं.

"मला चवच लागत नाही हो हल्ली."

दादांनी फोन काढला. वहिनींना लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "मंदा, दाजींनी काल दिलेली वीट किती घातलीस?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. "कसली? ती होय? अहो, तिला गोठ्याचा वास येत होता. ताईंना कशी घालू मी ते? मागं परसात ठेवलीय. रागावले का दाजी?"

"मग मीठ कुठलं घातलंस?"

"कुठलंच नाही. घरचं चालत नाही आणि ते घालवेना. म्हटलं एका दिवसाचा प्रश्न. सगळंच अळणी केलं. ताईंना एकटीला अळणी वाढायचं आणि आपण चवीनं खायचं, बरं दिसतं का? दाजींना तेवढं वरून मीठ वाढणार होते, पण चहावरून एवढे चिडले की मी पुढं गेलेच नाही."

डॉक्टरीणबाई हसू दाबत होत्या. त्यांनी फोनवरच वहिनींना एकेक पदार्थ विचारला, तेल कुठलं, भाजी कुठली, दुधाचा हात लागला का, सगळं. मग पेन उचललं. "आज देऊया," म्हणाल्या.

दादांनी फोन खिशात ठेवला. माझ्याकडं पाहिलं नाही. टोचून एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

औषध म्हणजे एक गोळी. पण ती शिशाच्या जड भांड्यातून आणतात, आणणाऱ्याच्या छातीला किरणं मोजणारा बिल्ला असतो. शकुंतलेनं ती पाण्याबरोबर गिळली. भाजलं नाही, चटका नाही, काही नाही. दार लागलं.

खोलीबाहेर जमिनीवर पिवळी पट्टी आहे. त्यापलीकडं नातेवाइकांनी जायचं नाही. तिथं लोंढे नावाच्या सिस्टर होत्या, गळ्यात बारीक क्रूस, आवाज खणखणीत.

"काका, पट्टीच्या अलीकडं."

"दारापर्यंतच जातो. नुसतं बघतो आन येतो."

"नाही."

"बरं, अर्ध्यापर्यंत?"

"काका, इथं भाव होत नाही."

आयुष्यात मला एवढ्या लवकर कुणी गप्प केलेलं नाही. पुढं कळलं, ती पट्टी आमच्यासाठीच आहे. आजाऱ्याला त्या किरणांचा उपयोग असतो, आपल्याला उगाच कशाला. ज्यांना जायचं आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: जुने कपडे न्या, लिंबं आणि आवळासुपारी न्या, आणि रागावून उपयोग नाही हे घरून निघतानाच ठरवा.

फोनवर बोलायला मनाई नव्हती. "कसं हाय?" मी विचारलं.

"बरंय. थोडं मळमळलं. रोज आंघोळ, ढीगभर पाणी, लिंबू चोखायचं. पाळी जाऊन एवढी वर्षं झाली, आता पुन्हा बाजूला बसलेय. फरक एवढाच की ताट सरकवणारी सिस्टर हसते."

"केस?"

"आहेत जागच्या जागी. बाजारात सांगा सगळ्यांना." मग जरा थांबून म्हणाली, "एक बरंय ह्या औषधाचं. त्याला कळतं कुठं जायचं ते. तुमच्या रागाला कधी कळलं? फेटा बांधणाऱ्यानं चूक केली, आणि तुम्ही माझं सगळं माहेर बंद केलं."

"फोन ठेव. पानी पी," मी म्हणालो.

मधले दिवस मी भिंगारला दादांकडं राहिलो. सकाळी आम्ही जुन्या बाजारात लिंबं आणायला जायचो. मी घासाघीस करायला लागलो की दादा शेजारच्या दुकानातल्या पाट्या वाचायला लागायचे. एकदा मात्र परत येताना म्हणाले, "दाजी, मला कधी जमलं नाही हे. आयुष्यभर सांगेल तो भाव दिला." मी त्यांना शिकवलं: लिंबू हातात घ्यायचं, दाबायचं, परत ठेवायचं, आणि चालू लागायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी करून पाहिलं. चालू लागले ते चालतच राहिले. लिंबूवाल्यानं बोलावलंच नाही. मलाच परत जाऊन आणावी लागली. त्या घराच्या पायरीवर बसून आम्ही दोघं खूप हसलो. फेट्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. तो मी विसरलोय असं मात्र कुणी समजू नये.

चित्र

सोडायच्या दिवशी लांबूनच एक यंत्र तिच्यासमोर धरलं, आकडा पाहिला, आणि लोंढे सिस्टर म्हणाल्या, "जा, सुटल्या." मग मोठ्या यंत्राखाली झोपवून सगळ्या अंगाचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो मला आणि दादांना पडद्यावर दाखवला. माणसाची फिकट आकृती, धुक्यात उभी असावी तशी. गळ्यात मात्र काळे ठसठशीत ठिपके. जबड्याजवळ थोडी सावली, पोटात आणि मूत्राशयात थोडी. छाती मोकळी, हाडं मोकळी, हातपाय मोकळे.

"जिथं जायला हवं होतं तिथंच गेलंय," बाई म्हणाल्या. "आता ते आपलं काम करत राहील. काही महिन्यांनी पुन्हा पाहू. गोळी सुरू करा. जेवण नेहमीचं, मीठसुद्धा."

मी बराच वेळ त्या चित्राकडं पाहत होतो. गाय घेताना मी तिच्या अंगावरून हात फिरवतो, पण आत काय आहे ते कधी कुणाला दिसलंय? इथं दिसत होतं. रोग होता तेवढीच जागा काळी, आणि बाकीची बाई माझी तशीच, न दुखावलेली. बाईंनी खुर्ची पुढं सरकवली.

भिंगारला परतताना शकुंतला पिकअपच्या मागच्या सीटवर बसली, मी आणि दादा पुढं. जवळ बसायला, शेजारी झोपायला अजून काही दिवस मनाई होती. भिंगारच्या घरात वहिनींनी मागची खोली रिकामी करून ठेवली होती. वेगळं अंथरूण, वेगळं ताट, दारात पाण्याचा तांब्या. शकुंतला उंबऱ्याच्या आत बसली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत, मधे चांगलं अंतर ठेवून. गावाकडचे लोक तिच्या हातचं खायचं की नाही ते विचारत होते. इथं तिला सगळ्यांबरोबर पंगतीत घ्यायची धडपड चालली होती.

वहिनींनी वाढलं. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. मी घास घेतला.

अळणी.

मी दादांकडं पाहिलं. ते मुकाट जेवत होते. वहिनी शकुंतलेचं ताट उंबऱ्यापाशी ठेवत होत्या. मीठ चालतं, हे घाईत वहिनींना सांगायचंच राहून गेलं होतं, आणि माहीत नाही म्हणून त्यांनी पुन्हा सगळ्या घराला अळणी जेवायला बसवलं होतं. दादांना ठाऊक होतं, ते माझ्याबरोबरच तर होते. पण बायकोनं रांधलेलं त्यांनी पहिल्या घासाला नावं ठेवली नाहीत, एवढंच. किंवा मी काय करतो ते बघत असतील.

"वहिनी," मी म्हणालो, "मीठ द्या."

दादांचा हात ताटातच थांबला. वहिनी माझ्याकडं पाहत राहिल्या. "चालतं आता?"

"चालतं. डॉक्टरनी सांगितलंय."

"अगंबाई! मग आधी नाही सांगायचं?" त्या लगबगीनं उठल्या आणि वाटी घेऊन आल्या. मी हात पुढं केला. त्यांनी वाटी माझ्या हातात न देता खाली फरशीवर ठेवली.

"हातात नको दाजी. मीठ हातात दिलं की भांडण होतं."

"आता आणखी कुठलं राहिलंय?" शकुंतला आतून म्हणाली.

मी चिमूटभर घेतलं आणि वाटी फरशीवरून सरकवत उंबऱ्यापर्यंत नेली. तिनं पिठल्यावर मीठ टाकलं, घास घेतला, आणि जरा थांबली.

"लागतीय का काही?" दादांनी विचारलं.

"थोडी," ती म्हणाली. "जास्त नाही. पण लागतीय."